मुलगी थॅलेसेमिया मायनर निघाली: आता लग्नाचे काय?

इंदूरच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी २६ वर्षांची, नोकरी करते, तब्येत ठणठणीत. लग्न ठरत आले आहे. मुलगा आपल्यातलाच, मूळचा नागपूरचा. नोकरीच्या ठिकाणी झालेल्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली आणि रिपोर्टात ‘बीटा थॅलेसेमिया मायनर’ असे आले. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६३, तांबड्या पेशी ५६ लाख, एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ टक्के. आई विचारते: आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच असे काही नाही, मग हिला कुठून आले? गोत्र वेगळे आहे, नाडी जुळते, रक्तगटही वेगळे आहेत, तरी मुलांना धोका असतो का? मुलाकडच्यांना सांगावे की नाही? आणि कॉलेजपासून ती लोहाच्या गोळ्या घेते आहे, त्या चालू ठेवायच्या का?

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमची मुलगी आजारी नाही. ती वाहक आहे, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एक जनुक तिच्यात आहे, आजार नाही. मायनरचे पुढे मेजर, म्हणजे खरा गंभीर आजार, होत नाही. वय वाढले तरी नाही, बाळंतपणातही नाही. थॅलेसेमिया मेजर हा जन्मापासूनच वेगळा असतो. इंदुरात मी अनेक वर्षे रक्ताच्या आजारांचेच काम करतो आहे आणि या एका गैरसमजापायी ठरलेली लग्ने मोडताना पाहिली आहेत. प्रत्येक वेळी बोट मुलीकडेच दाखवले गेले, आणि मुलाची साधी तपासणीही कुणी केलेली नव्हती. म्हणून सविस्तर लिहितो. वाहक असण्याचा प्रश्न एकट्या मुलीचा किंवा एकट्या मुलाचा कधीच नसतो, तो जोडीचा असतो. मुलाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तुमच्या मुलीच्या कागदावरून नातवंडांबद्दल काहीही ठरवता येत नाही.

असे का, ते कळायला थोडे मुळाशी जावे लागेल.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. या गुणसूत्रांवर साधारण २० हजार जनुके आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकात एखादे प्रथिन कसे बनवायचे याची माहिती असते. हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनते, अल्फा आणि बीटा. अल्फाची जनुके १६व्या गुणसूत्रावर, बीटाचे ११व्या. म्हणजे बीटा साखळीसाठी आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. तुमच्या मुलीची एक प्रत नीट काम करते. दुसरीत एक बारीकसा बदल आहे, त्यामुळे तिच्यातून बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. एका चांगल्या प्रतीवर माणसाचे आयुष्यभर छान भागते. फक्त तिच्या तांबड्या पेशी आकाराने लहान राहतात आणि शरीर त्या संख्येने जास्त तयार करते.

हे सगळे तुमच्याच रिपोर्टात दिसते आहे. पेशी ५६ लाख, म्हणजे भरपूर, पण एमसीव्ही ६३, म्हणजे त्या लहान. ५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष; ६३ ला ५.६ ने भागले की ११ च्या आसपास उत्तर येते. हा आकडा १३ च्या खाली असला की आम्हाला थॅलेसेमिया मायनरचा संशय येतो. लोहाची कमतरता असेल तर तो बहुधा १३ च्या वर जातो. हा झाला अंदाज. खात्री होते ती एचबीए-टूवरून. ते साधारण ३.५ टक्क्यांच्या आत हवे, तुमच्या मुलीचे ५.४ आहे. तेव्हा निदान बरोबर आहे, त्यात शंका नको.

आता वारसा. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र त्यात जाते. कोणते जाईल ते निव्वळ योगायोगाने ठरते, आणि एका जोडीत काय झाले याचा दुसऱ्या जोडीशी संबंध नसतो. २३ जोड्या, प्रत्येकीत दोन शक्यता: एका माणसाच्या बीजात गुणसूत्रांची मांडणी ८३,८८,६०८ प्रकारे होऊ शकते. चौऱ्याऐंशी लक्ष योनी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हा आकडा ओळखीचा वाटतो. तो योगायोग आहे, पण मला फार आवडतो. शिवाय बीज तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात, त्यामुळे खरी विविधता याहून कितीतरी मोठी. म्हणून तर एकाच आईबापांची मुले एक गोरे, एक सावळे, एक उंच, एक ठेंगणे अशी होतात. आणि म्हणूनच तुमच्या मुलीत हा बदल आला म्हणून तिच्या भावातही आलाच असेल असे नाही, आणि आला नसेल असेही नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्याने पकडली तो ग्रेगोर मेंडेल, ब्रनो शहरातल्या मठातला एक धर्मगुरू. त्याने ती पकडली वाटाण्यावर, ज्याला आपण इथे बटला म्हणतो आणि थंडीत कचोरीत भरतो. १८५६ पासून आठेक वर्षे तो मठाच्या बागेत वाटाण्याच्या झाडांचे हाताने परागण करून पिढ्यानपिढ्यांचा हिशेब ठेवत होता. गोल दाण्याचे शुद्ध झाड आणि सुरकुतलेल्या दाण्याचे शुद्ध झाड यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल येत. सुरकुती जणू नाहीशीच झाली. पण त्या गोल दाण्यांची झाडे वाढवून त्यांच्यात आपोआप बी धरू दिले, तर पुढच्या पिढीत ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. मधल्या पिढीत न दिसलेली सुरकुती नाहीशी झालेलीच नव्हती. ती गोल दाण्यांच्या आत, एका प्रतीत, शाबूत होती. मेंडेलने हे १८६५ मध्ये सभेत वाचून दाखवले, १८६६ मध्ये छापले, आणि जगाने त्याकडे लक्ष दिले ते १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी.

तुमचा पहिला प्रश्न, ‘आमच्यात कुणालाच नाही, मग हिला कुठून आले’, त्याचे उत्तर या मधल्या पिढीत आहे. तुमच्या घरात कुणालाच आजार नाही. पण वाहक कुणीतरी आहे, आणि वाहक वरून ओळखू येत नाही.

यातली एक बारीक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. प्रभावी आणि अप्रभावी असे शब्द आपण वापरतो तेव्हा वाटते की चांगली प्रत वाईट प्रतीला दाबून टाकते. तसे दाबणे वगैरे काही नसते. मेंडेलचा मिश्र दाणा डोळ्यांना पूर्ण गोल दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आतले पिठूळ कण दोन्ही शुद्ध जातींच्या मधले दिसतात. तुमच्या मुलीचेही तेच आहे. ती जिने चढते, नोकरी करते, कुठेही कमी पडत नाही. रक्ताच्या यंत्राने मोजले की मात्र पेशी लहान दिसतात. गुण झाकलेला की उघडा, हे आपण कुठे पाहतो त्यावर अवलंबून असते. आणि हे आपल्या फायद्याचेच आहे, कारण त्यामुळेच एवढ्या साध्या रक्ततपासणीत वाहक सापडतो.

ती प्रत आली ती तुमच्याकडून किंवा तुमच्या यजमानांकडून. बीजात नव्याने बदल होणे अशक्य नाही, पण इतके विरळ आहे की मी ते गृहीत धरत नाही. तुम्ही दोघे एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्या. तुमच्यापैकी जो वाहक निघेल त्याच्या सख्ख्या भावंडांना, म्हणजे मुलीच्या मामा-मावशांना किंवा काका-आत्यांना, कळवा. त्यांच्यात प्रत्येकी निम्मी शक्यता आहे आणि त्यांचीही मुले लग्नाच्या वयाची असतील. एक विनंती मनापासून करतो: कोण वाहक निघाले यावरून घरात एकमेकांना बोलू नका. ही प्रत कुणी निवडून घेतलेली नाही आणि निवडून दिलेलीही नाही.

एवढी पसरली तरी कशी, असे मला नेहमी विचारतात. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये सुचवले की थॅलेसेमियाचा वाहक मलेरियात जास्त तग धरत असावा, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात या प्रती पिढ्यानपिढ्या टिकून राहिल्या. पुढे सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराबाबत तर याचा भक्कम पुरावा मिळाला. हाल्डेन नंतर भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तेव्हा ज्याला आज तुमच्या घरात दोष म्हणतात, त्याने कदाचित तुमच्याच एखाद्या पूर्वजाला हिवतापातून वाचवले असेल.

आता जोडीचे गणित. मुलगा वाहक नसेल तर त्याच्याकडून प्रत्येक मुलाला चांगलीच प्रत मिळणार. तुमच्या मुलीकडून निम्म्या वेळा बदललेली, निम्म्या वेळा चांगली. म्हणजे नातवंडांपैकी प्रत्येकाची वाहक होण्याची शक्यता निम्मी, आणि मेजर होण्याची शक्यता नाही. अशा जोडप्याला वेगळी कसलीही खबरदारी नको.

मुलगाही वाहक असेल तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चार शक्यता सारख्याच असतात: दोघांकडून चांगली प्रत, फक्त आईकडून बदललेली, फक्त वडिलांकडून बदललेली, दोघांकडून बदललेली. पहिल्या शक्यतेत मूल पूर्ण मोकळे, मधल्या दोन्हींत वाहक, शेवटच्या शक्यतेत मेजर. म्हणजे मेजरची शक्यता चारात एक, शेकडा २५.

या ‘चारात एक’चा अर्थ लावताना शिकलेली माणसेसुद्धा चुकतात. एक मूल मेजर झाले, आता पुढची तीन ठीक होणार, असे समजून दुसरी दिवाळी साजरी करणारे जोडपे आणि त्यांचे दुसरे मूलही मेजर, ही वेळ मी पाहिली आहे. छापा-काटा करताना नाण्याला मागच्या वेळी काय पडले होते ते आठवत नसते. प्रत्येक गर्भ नव्याने सुरुवात करतो, शक्यता पुन्हा तीच शेकडा २५. दोन्ही पालक वाहक असतील तर दोन मुले होऊन दोघेही मेजर नसण्याची शक्यता सोळात नऊ. किमान एक तरी मेजर असण्याची सोळात सात. सात हा आकडा लहान नाही.

आणखी एक हिशेब, ज्यांच्या नात्यात मेजर मूल आहे त्यांच्यासाठी. अशा मुलाची बहीण किंवा भाऊ धडधाकट असेल तर त्याची वाहक असण्याची शक्यता निम्मी नसते, तीनात दोन असते. कारण तो मेजर नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. चौथी शक्यता गळाली, उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या. अशा भावंडाने तपासणीशिवाय लग्न ठरवू नये असे माझे ठाम मत आहे.

मेजर म्हणजे काय, ते न सांगता हे आकडे कोरडे राहतील. बाळ जन्मते तेव्हा निरोगी असते. गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या साखळीचे असते, त्याला बीटा लागत नाही. ते ओसरू लागले की सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या दरम्यान बाळ पांढरे पडते, चिडचिडे होते, वाढ खुंटते, पोट फुगू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, जन्मभर. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतले लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साठत जाते, ते बाहेर काढायला रोज औषध घ्यावे लागते. औषधोपचार नियमित झाले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मी अशा तरुणांना ओळखतो आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आईवडिलांचे आयुष्य रक्ताच्या तारखांभोवती फिरू लागते, हेही खरे. बरा करणारा रूढ उपाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट. त्याची सोय आता इंदुरात एमवाय या सरकारी रुग्णालयातसुद्धा आहे. पण त्यासाठी ऊती जुळणारा दाता हवा. त्या जुळण्याची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकगठ्ठा असतात, त्यामुळे सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा तीच, चारात एक. जुळणारे भावंड स्वतः मायनर असले तरी ते दाता होऊ शकते.

आता तुमच्या गोत्र, नाडी आणि रक्तगटाकडे येतो. तुमची श्रद्धा मोडायची म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही ज्यावर विसंबून आहात ते या एका बाबतीत संरक्षण देत नाही, हे तुम्हाला कळायला हवे.

गोत्र वडिलांकडून मुलाकडे जाते. आपल्याला खापर पिढीतले, म्हणजे पणजोबा-पणजीच्या वरचे, सोळा पूर्वज असतात. गोत्र त्यांच्यातल्या एकाचाच माग ठेवते. जनुकांच्या भाषेत फक्त वाय गुणसूत्र त्या वाटेने जाते, कारण ते बापाकडून मुलालाच मिळते. बीटाचे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. ते लेकीबाळींबरोबर प्रत्येक घरात जाते आणि गोत्र बदलले तरी बदलत नाही. म्हणूनच आपल्याकडे सगोत्र टाळून मामाच्या किंवा आतेच्या घरात सोयरीक होते तेव्हा गोत्र वेगळेच असते, पण आजी-आजोबांची एकच जोडी सामाईक असते आणि नवरा-बायकोच्या जनुकांचा आठवा हिस्सा सारखा निघतो. अशा लग्नात अप्रभावी आजारांचा धोका खरोखर वाढतो. शिवाय आपली इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोदा इथली मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या त्याच पाच-पन्नास घरांत सोयरिकी जुळवत आली आहेत. कागदावर नाते नसले तरी चार-पाच पिढ्यांमागे एखादा पूर्वज सामाईक निघणे अवघड नाही.

नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. छत्तीस गुणांतले आठ तिचे, म्हणून तिचे वजन मोठे. पण एकाच आईबापांच्या दोन मुलांची नक्षत्रे वेगळी असली तर नाडीही वेगळी येऊ शकते, आणि ही बदललेली प्रत मात्र त्या दोघांतही असू शकते किंवा दोघांतही नसू शकते. नाडी जुळली तर समाधान माना, पण त्यावर एचपीएलसी टाळू नका.

रक्तगट वेगळे की सारखे, याचा थॅलेसेमियाशी काही संबंध नाही. रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. एकाच रक्तगटाच्या नवरा-बायकोची मुले दुबळी होतात, हे मी वधू-वर मेळाव्यांत हमखास ऐकतो. ते साफ खोटे आहे. लक्ष ठेवायचे ते एवढेच की, पत्नी आरएच निगेटिव्ह आणि पती पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात साधारण २८व्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यायचे. रक्तगटाबद्दल अजून एक, कारण त्यावरून संसारात विष कालवलेले पाहिले आहे. एबी गटाच्या बापाला ओ गटाचे मूल झाले की लोक नको तो संशय घेतात. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एक रक्तगट शोधला, त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. एका दुसऱ्याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की ए आणि बी दोन्ही उमटतच नाहीत आणि साध्या तपासणीत तो माणूस ओ दिसतो. संशयाआधी नीट तपासणी करा.

सगळेच गुण असे एका जनुकाच्या दोन प्रतींवर चालतात असे मात्र समजू नका. उंची, रंग, मधुमेहाची प्रवृत्ती यांत शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि खाणेपिणे, आजार, व्यायाम यांचाही. तिथे चारात एकसारखा हिशेब लागू पडत नाही. हिमोफिलिया किंवा रंगांधळेपणाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून ते आजार आईकडून मुलग्यात उतरतात आणि मामा-भाच्यात दिसतात. थॅलेसेमिया त्यांच्यासारखा नाही. तो मुलगा-मुलगी दोघांत सारखाच, आणि त्यासाठी आई-बाप दोघांचा वाटा लागतो.

तेव्हा पुढची पायरी मुलाची तपासणी. आपल्या देशात सरासरी शंभरात तीन ते चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत. काही समाजांत ते प्रमाण बरेच जास्त आहे, इंदुरातले सिंधी बांधव त्यांतले एक, आणि त्यांच्या संस्थांनी याबद्दल फार जागृतीही केली आहे. त्यामुळे मराठी घरांत मात्र ‘तो आपल्यात नसतो’ असा समज बसला आहे. तुमच्या हातातला रिपोर्टच सांगतो की असतो. मुलगा नागपूरचा आहे म्हणून एक जास्तीची काळजी: विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, आपल्या निमाड-झाबुआ पट्ट्यातही आहेत. सिकलसेल हा त्याच बीटा जनुकातला वेगळा बदल. आईकडून थॅलेसेमियाची प्रत आणि वडिलांकडून सिकलसेलची अशी गाठ पडली तर मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, तोही त्रासदायक आजार आहे, आणि त्याचीही शक्यता चारात एक. म्हणून मुलाची तपासणी नुसत्या हिमोग्लोबिनवर भागवू नका, सिकलसेलच्या झटपट चाचणीवरही नाही. सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही करा. त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि एचबी-ई, एचबी-डी हे हिमोग्लोबिनचे इतर बदल, सगळे एकाच वेळी कळतात. गेल्या तीन-चार महिन्यांत त्याला रक्त चढवले असेल तर आधी सांगा, रिपोर्ट फसवा येतो. तपासणी जन्मात एकदाच पुरते.

त्याचा रिपोर्ट मोकळा आला तर विषय संपला. तोही वाहक निघाला तर? तरीही लग्न करायचे की नाही हे त्या दोघांनी ठरवायचे, तुम्ही-आम्ही नाही. त्यांच्यापुढे वाटा आहेत. दोघांच्या डीएनएतला नेमका बदल आधी शोधून ठेवायचा; हे गरोदर राहण्यापूर्वी झालेले असावे, घाईत नको. मग दहा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन, किंवा सोळा आठवड्यांच्या आसपास गर्भजल घेऊन, बाळाच्या प्रती तपासता येतात. यात गर्भपाताचा धोका शेकडा एकच्या आत-बाहेर असतो. बाळ मेजर निघाले तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय कायद्याच्या चौकटीत जोडप्याचा, त्यातही शेवटचा शब्द स्त्रीचा. ही तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रातच होते आणि बाळ मुलगा की मुलगी हे तिथे सांगितले जात नाही, विचारूही नका. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून त्यातला निरोगी गर्भ निवडायची सोयही आहे, ती महाग आहे. मूल दत्तक घेणारी जोडपीही आहेत.

मुलाकडच्यांना सांगायचे का? सांगायचे, आणि साखरपुड्याच्या आधी. लपवलेला रिपोर्ट पहिल्या गरोदरपणात उघड होतोच, आणि तेव्हा मुलगी एकटी पडते. पण आधी मुलीला विचारा. रिपोर्ट तिचा आहे, सांगण्याचा हक्कही तिचाच. मग तिला आणि मुलाला दोघांना एकत्र बोलू द्या. ‘आमच्या मुलीत असे निघाले आहे, सांभाळून घ्या’ असे खाली मान घालून सांगू नका. ‘हिचा रिपोर्ट असा आहे, तुमच्या मुलाचा करून घ्या, मग दोघे मिळून डॉक्टरांना भेटतील’ असे सांगा. सायप्रसमध्ये सातात एक माणूस वाहक आहे. तिथे चर्चने १९८३ पासून लग्नाआधी दोघांच्या तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. त्यांनी माहितीनिशी मुले होऊ दिली, आणि तिथे मेजर बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे दरवर्षी साधारण दहा हजार मुले मेजर घेऊन जन्मतात. यातली बहुतेक आईबापे आपण वाहक आहोत हे बाळ आजारी पडल्यावरच ऐकतात, हे मला दरवेळी असह्य होते. पत्रिकेबरोबर एचपीएलसीचा कागद दोन्हीकडून दिला-घेतला तर कुणा एकाची मान खाली जायचे कारणच उरणार नाही.

राहिला लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न. सध्या बंद करा आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लहान पेशी पाहून लोहाची कमतरता समजायची आणि गोळ्या देत राहायचे, ही गल्लत फार सर्रास होते. वाहकाचे हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नाही, कारण कमतरता लोहाची नसते, आणि गरज नसलेले लोह शरीर सहजी बाहेर टाकत नाही. फेरिटिन खरोखर कमी आले तर वाहकालाही लोह द्यायचेच, पण तपासून आणि ठरावीक काळापुरते. बी-ट्वेल्व्हही पाहा, शाकाहारी घरांत ते कमी निघते. तुमच्या दोघांच्या आणि तिच्या भावाच्या तपासणीच्या वेळीही फेरिटिन करून घ्या. लोह फार कमी असले तर एचबीए-टू खाली येऊन वाहक सुटू शकतो, अशा वेळी आधी लोह भरून काढायचे आणि मग एचपीएलसी पुन्हा करायची. मुलगी गरोदर राहील तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा. फॉलिक अॅसिड नेहमीप्रमाणे सुरू राहील, हिमोग्लोबिन एरवीपेक्षा थोडे जास्त उतरेल, आणि त्यासाठी लोहाचे इंजेक्शन किंवा सलाईन लावण्याआधी फेरिटिन पुन्हा पाहायला सांगा.